डोळे ‘नॉर्मल’ लिहिण्याआधी: नेत्रतपासणी शिबिरं भरवणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
मोफत नेत्रतपासणी व चष्मेवाटप शिबिरं भरवणारी समस्त मंडळं, प्रतिष्ठानं, पतसंस्था, तालमी आणि वाढदिवस समित्या,
महाराष्ट्र राज्य

विषय: शिबिरात काचबिंदूच्या सुरुवातीच्या खुणा पाहण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

मी सरकारी ग्रामीण रुग्णालयात नेत्रचिकित्सा अधिकारी होतो. आता निवृत्त आहे, त्यामुळे पत्र लिहायला कुणाची परवानगी लागत नाही. नोकरीतले बरेच रविवार तुमच्याच मांडवात गेले. शाळेच्या व्हरांड्यात, मंगल कार्यालयात, मारुतीच्या पारावर, आषाढीत वारीच्या वाटेवर. गणेशोत्सव, शिवजयंती, चौदा एप्रिल आणि साहेबांचा वाढदिवस, या चार दिवसांचं वेळापत्रक माझ्या बायकोलाही पाठ झालं होतं. फ्लेक्सवर डॉक्टरांपेक्षा मोठे फोटो कुणाचे असतात हे मला माहीत आहे, आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. माणसं येतात ती त्या फ्लेक्समुळेच.

तुमच्या कामाचं मोल मी जाणतो. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ साली सुरू झाला. तेव्हापासून मोतीबिंदूची जी काही लढाई झाली, तिच्यात डॉक्टर दिसले, पण वाडीवस्तीवरच्या म्हाताऱ्यांना जीपमध्ये बसवून ऑपरेशनच्या टेबलापर्यंत नेलं ते तुमच्यासारख्यांच्या कार्यकर्त्यांनी. घरच्यांनी ‘आता काय करायचंय ऑपरेशन’ म्हणून सोडून दिलेल्या आजीबाई दुसऱ्या दिवशी पट्टी निघाल्यावर नातवाला नावानं हाक मारतात, हे मी पाहिलंय. चाळिशीचे चष्मे वाटलेत त्यांचंही तेच. सुईत दोरा ओवता येणं ही शिवणकाम करणाऱ्या बाईसाठी रोजीरोटीची गोष्ट असते.

अडचण आहे ती पुढच्या टेबलाची. माणूस तक्ता वाचतो, खालची ओळ बरोबर सांगतो, जवळचा नंबर निघतो, चष्मा मिळतो आणि हातात चिठ्ठी पडते: ‘दृष्टी ६/६, डोळे नॉर्मल.’ ती चिठ्ठी घरी पाकिटात जपून ठेवली जाते आणि पुढची पाच-सात वर्षं तो माणूस डोळ्यांच्या डॉक्टरकडे फिरकत नाही. का फिरकेल? नॉर्मल असल्याचं लेखी मिळालंय. या पत्राचा सगळा रोख त्या एका शब्दावर आहे. डोळ्याच्या आतली नस पाहिल्याशिवाय चाळिशीपुढच्या कुणाच्याही चिठ्ठीवर तो लिहू नये, आणि नस पाहायची सोय तुमच्या शिबिरात करावी, एवढंच मला म्हणायचंय. बाकीचं सगळं हे का आणि कसं याचा खुलासा आहे.

तक्ता नजरेच्या अगदी मधल्या, काही अंशांच्या भागाची परीक्षा घेतो. काचबिंदू, म्हणजे डोळ्यातून मेंदूकडे जाणारी नस झिजवणारा आजार, मात्र बहुतेक वेळा तो मधला भाग शेवटपर्यंत शाबूत ठेवतो आणि आजूबाजूची नजर खात जातो. त्यामुळे तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारा माणूस कायद्याने अंध असू शकतो. ही अतिशयोक्ती नाही. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात अंधत्वाची जी व्याख्या आहे, तिच्यात ३/६० पेक्षा कमी दृष्टी जशी बसते, तसंच १० अंशांपेक्षा कमी उरलेलं दृष्टिक्षेत्रही बसतं. दाखला देताना कायदा आजूबाजूच्या नजरेचा हिशेब धरतो. आपण शिबिरात तो धरतच नाही.

त्या माणसाला स्वतःला कळत नाही का? नाही कळत, आणि यात त्याचा निष्काळजीपणा नसतो. एका डोळ्याचा गेलेला भाग दुसरा डोळा भरून काढतो. दोन्ही डोळ्यांत एकाच जागी खोट आली तर मेंदू आजूबाजूचं पाहून तिथे काहीतरी जुळवून घेतो. पुस्तकांत काळ्या बोगद्यातून पाहिल्यासारखं चित्र छापतात, पण रुग्ण तसं काही सांगत नाहीत. ते सांगतात की पायरी चुकली, दाराची चौकट खांद्याला लागली, डावीकडून मोटारसायकल आली ती ‘अचानक’ आली, ताटातली वाटी हाताने सांडली. घरचे म्हणतात, वय झालं, लक्ष नसतं. दुखत नाही, लाल होत नाही, पाणी येत नाही. आणि लोकांच्या डोक्यात मोतीबिंदूचं गणित पक्कं बसलेलं असतं: पिकू दे, मग बघू. काचबिंदूत वाट पाहिली की जेवढी नजर उरली तेवढीच हातात, गेलेलं परत आणायला ऑपरेशनही नाही.

आकडे थोडक्यात सांगतो. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार भारतात चाळिशीपुढच्या सुमारे १ कोटी १२ लाख लोकांना काचबिंदू होता. चेन्नई आणि आसपासच्या खेड्यांत घरोघरच्या लोकांना तपासून जो अभ्यास झाला, त्यात काचबिंदू सापडलेल्या नव्वद टक्क्यांहून अधिक लोकांना तो असल्याचं त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं. तामिळनाडूतल्याच अरविंद नेत्र रुग्णालयाच्या सर्वेक्षणातली गोष्ट मला त्याहून जास्त टोचते. तिथे काचबिंदू निघालेल्यांपैकी जवळपास निम्मे लोक आधी कधीतरी डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवून आलेले होते, आणि त्यातल्या फार थोड्यांचं निदान झालेलं होतं. म्हणजे माणूस डॉक्टरपुढच्या खुर्चीवर बसला, उठला, चष्मा घेऊन घरी गेला, आणि नस कुणी पाहिलीच नाही. हे दवाखान्यात घडतं, तर दोनशे माणसांची रांग असलेल्या मांडवात काय घडत असेल?

२०१५ ते २०१९ मध्ये झालेल्या राष्ट्रीय अंधत्व सर्वेक्षणात पन्नाशीपुढच्यांच्या अंधत्वात मोतीबिंदूचा वाटा सुमारे ६६ टक्के आणि काचबिंदूचा साडेपाच टक्के निघाला. हा आकडा दाखवून ‘मग काचबिंदूचं एवढं काय’ असं मला एका बैठकीत ऐकवलं गेलं होतं. त्या सर्वेक्षणात मोजली गेली ती तक्त्यावरची नजर. तक्ता वाचू शकणारे, पण दोन्ही बाजूंनी आंधळे झालेले लोक त्या साडेपाच टक्क्यांत नाहीतच.

आता मूळ मुद्दा, सुरुवातीची खूण कुठे दिसते त्याचा.

डोळ्याच्या मागच्या पडद्यावर एक जागा असते, जिथून सगळे मज्जातंतू गोळा होऊन मेंदूकडे निघतात. डॉक्टर तिला डिस्क म्हणतात. रुंदीला जेमतेम दीड मिलिमीटर, तिळाएवढी. निरोगी माणसात तिथून दहा-बारा लाख तंतू जातात. डिस्कच्या मधोमध फिकट खळगा असतो आणि भोवती गुलाबी-नारिंगी कडा. ती कडा म्हणजेच ते तंतू. काचबिंदूत तंतू मरत जातात, कडा झिजते, खळगा वाढतो. साधारणपणे खळग्याची रुंदी डिस्कच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी किंवा थोडी जास्त असते. ती सहा-सात दशांशापर्यंत गेली, किंवा एका डोळ्यात दुसऱ्यापेक्षा दोन दशांशांहून मोठी दिसली, की डॉक्टरने थांबून नीट पाहायला हवं. दोन डोळ्यांतला हा फरक मला नेहमीच जास्त भरवशाचा वाटत आलाय, कारण तिथे माणसाची तुलना त्याच्या स्वतःशीच होते.

पण नुसता खळगा मोजून भागत नाही. काहींची डिस्क जन्मतःच मोठी असते आणि मोठ्या डिस्कमध्ये खळगाही मोठा असतो. अशा धडधाकट माणसाला ‘काचबिंदूचा संशय’ लिहून शहरात पाठवलं की तो बिचारा महिनाभर झोपत नाही. उलट लहान डिस्कमध्ये खळगा लहानच दिसतो आणि आजार लपून राहतो. म्हणून अनुभवी डॉक्टर कडेकडे पाहतो. निरोगी डोळ्यात खालची कडा सहसा सगळ्यांत जाड असते, मग वरची, आणि कानशिलाच्या बाजूची सर्वांत पातळ. काचबिंदू पुष्कळदा खालच्या किंवा वरच्या कडेलाच आधी खाच पाडतो. दुसरी खूण म्हणजे डिस्कच्या काठावरची रक्ताची बारीक रेघ. कॅनडातले डॉ. स्टीफन ड्रान्स यांनी १९७० च्या सुमारास या रेघेकडे जगाचं लक्ष वेधलं. ती दोन-तीन महिन्यांत विरून जाते, म्हणजे नेमक्या वेळी पाहणाऱ्यालाच सापडते. पण सापडली, तर तिथली नस धोक्यात आहे असं समजायचं. तिसरी खूण पडद्यावर तंतूंच्या थरात पडलेला पाचरीसारखा काळसर पट्टा. हिरव्या उजेडात तो जास्त स्पष्ट दिसतो, आणि नजरेच्या मशीनवर काहीही येण्याच्या आधीपासून असू शकतो.

हे ‘आधीपासून’ महत्त्वाचं आहे. दृष्टिक्षेत्र मोजायची जी फील्ड टेस्ट असते, घुमटात डोकं ठेवून ठिपका दिसला की बटण दाबायचं ती, तिच्यावर पहिली पक्की खोट उमटेपर्यंत साधारण पाव ते एक तृतीयांश तंतू मेलेले असतात. माणसाला स्वतःला जाणवणं तर त्याच्याही कितीतरी नंतरचं. ओसीटी नावाचं मशीन तंतूंचा थर मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात, मोजतं आणि फील्डच्या आधीची झीज पकडू शकतं. मात्र ओसीटीचा लाल-हिरवा कागद म्हणजे निकालपत्र समजू नका. मोठा मायनस नंबर असलेल्यांच्या डोळ्याची ठेवणच वेगळी असते, त्यांच्या कागदावर आजार नसताना लाल रंग येतो. उलट ज्याचा थर मुळात जाड होता, त्याची बरीच झीज होऊनही कागद हिरवाच राहतो. शहरातल्या काही केंद्रांत रंग बघून थेंब सुरू करण्याची जी घाई चालते, तिच्याबद्दल मला इथे जास्त बोलायचं नाही. ते वेगळं पत्र होईल.

डोळ्याच्या आतल्या पाण्याच्या प्रेशरबद्दल मात्र बोललंच पाहिजे, कारण शिबिरात काचबिंदूच्या नावाखाली काही होत असेल तर तेवढंच होतं. हवेचा झोत मारणारं मशीन येतं, आकडा येतो, २१ च्या आत असला की ‘काचबिंदू नाही’. पाऱ्याचे १० ते २१ मिलिमीटर ही रूढ मर्यादा आहे, पण आपल्या देशातल्या सर्वेक्षणांत उघड्या कोनाचा (डोळ्यातलं पाणी निचरा होण्याची वाट मोकळी असलेला) काचबिंदू निघालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांचं प्रेशर तपासणीच्या वेळी २१ च्या आतच होतं. प्रेशर दिवसभर खालीवर होतं. तुमच्या शिबिरात ते सकाळी अकराला एकदाच मोजलं जातं. शिवाय कॉर्निया, म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, पातळ असेल तर मशीन आकडा कमी दाखवतं. पाठ्यपुस्तकात कॉर्नियाची जाडी सुमारे ५४० मायक्रॉन धरतात. नागपूरजवळच्या खेड्यांत २००६ ते २००९ दरम्यान साडेचार हजारांहून अधिक लोकांना तपासून जो मोठा अभ्यास झाला, त्यात ती सरासरी ५१४ च्या आसपास निघाली. म्हणजे आपल्याच गावाकडच्या माणसाचा ‘१९’ हा आकडा दिसतो तितका निर्धास्त असेलच असं नाही. प्रेशर जरूर मोजा. जास्त निघालं तर ती मोठी सूचना आहे. कमी निघालं, तर त्याने काहीच सिद्ध होत नाही.

मग काय, प्रत्येकाला ओसीटी? अजिबात नाही. सरसकट सगळ्या लोकसंख्येची काचबिंदूसाठी चाळणी लावावी की नाही यावर जगभर मतभेद आहेत, आणि अमेरिकेच्या तज्ज्ञ समितीनेही २०२२ मध्ये पुरेसा पुरावा नाही असाच निर्वाळा दिला. अडचण साध्या हिशेबाची आहे. धरून चाला की तुमच्याकडे चाळिशीपुढची २०० माणसं आली आणि त्यांतल्या ६ जणांना काचबिंदू आहे. तपासणी अशी, की निरोगी शंभरातल्या पाच जणांवर चुकून संशय येतो. सहाच्या सहा सापडले असं मानलं, तरी त्यांच्याबरोबर आणखी दहाएक धडधाकट माणसं तालुक्याला किंवा जिल्ह्याला जाणार, रोज बुडवणार, एसटीचं भाडं घालणार. हे ओझं खरं आहे. ते टाळायचा उपाय म्हणजे नस बघणारी नजर तयारीची असावी आणि मशीनचा उत्साह बेताचा. पण तुमच्याकडे लोक आलेलेच असतात, चाळिशीच्या चष्म्यासाठी का होईना. त्यांना घरातून बाहेर काढायचं अवघड काम झालेलं असतं. अशा वेळी डोळ्यात न डोकावता त्यांना परत पाठवणं मला पटत नाही.

म्हणून शिबिरासाठी ट्रस्टच्या किंवा खासगी रुग्णालयाच्या चमूशी बोलणी करताना डॉक्टर किती येणार हे विचारण्याआधी एक विचारा: चाळिशीपुढच्यांची नस कोण आणि कशाने पाहणार? डोळ्यात पाहायचा ऑफ्थॅल्मोस्कोप १८५१ पासून आहे, तो खिशात मावतो. आता मोबाइलला जोडायचे आणि हातात धरायचे फंडस कॅमेरे, म्हणजे डोळ्याच्या मागच्या पडद्याचा फोटो काढणारे कॅमेरे, भारतातच, बंगळुरूत, बनतात. बऱ्याच जणांच्या डोळ्यात बाहुली मोठी करायचे थेंब न घालताही त्यांनी कामापुरता फोटो येतो. मोतीबिंदू दाट असला किंवा बाहुली बारीक असली तर येत नाही. तशा माणसाला पुढे पाठवायचंच. अंधारी खोली लागते. शाळेच्या प्रयोगशाळेच्या खिडक्यांना काळं कापड लावून आम्ही कितीतरी वेळा भागवलंय.

फोटोचा आग्रह धरण्यामागे आणखी एक कारण आहे, आणि मंडळांना पत्र लिहायचं मुख्य कारणही तेच. काचबिंदूची सगळ्यांत लवकरची आणि सगळ्यांत पक्की खूण म्हणजे बदल. यंदाची कडा आणि दोन वर्षांपूर्वीची कडा शेजारी ठेवली की मोठी डिस्क कोणती आणि झिजणारी डिस्क कोणती हे बरंचसं उलगडतं. दवाखान्यात रुग्ण दर वेळी नवा डॉक्टर शोधतो, जुने कागद हरवतो. तुमचं शिबिर मात्र दर वर्षी त्याच गावात, त्याच सणाला, बहुतेक त्याच माणसांसाठी भरतं. असं सातत्य मोठमोठ्या रुग्णालयांनाही जमत नाही. त्याचा उपयोग मात्र शून्य होतो, कारण नोंदवहीत नाव, वय, चष्म्याचा नंबर आणि अंगठा एवढंच असतं, आणि वही पुढच्या वर्षापर्यंत रद्दीत गेलेली असते. फोटो आणि नोंदी ज्या रुग्णालयाशी करार केलाय तिथे ठेवायला लावा, त्याच रुग्णालयाला किमान तीन वर्षं बोलवा, आणि मागच्या वर्षीचा फोटो समोर ठेवूनच या वर्षी तपासायला सांगा. नोंदी तुमच्याकडे ठेवू नका. फोन नंबरांच्या यादीचं निवडणुकीच्या दिवसांत काय होतं हे तुम्हाला मी सांगायला नको.

रांगेत उभ्या असलेल्यांना चहा देणारे जे कार्यकर्ते असतात, त्यांच्याकडूनही मोठं काम होईल. त्यांनी फक्त विचारायचं. पहिला प्रश्न: आई, वडील, भाऊ, बहीण यांच्यापैकी कुणाला काचबिंदू आहे का, किंवा कुणाची नजर ‘नस सुकून’ गेली का? नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या अभ्यासात काचबिंदूच्या रुग्णांच्या सख्ख्या नातेवाइकांना आयुष्यात हा आजार होण्याचा धोका सुमारे २२ टक्के निघाला, आजार नसलेल्यांच्या नातेवाइकांत तो २.३ टक्के होता. गावात कुणाला काचबिंदूचे थेंब चालू आहेत हे तुम्हाला माहीत असतंच. त्याच्या भावंडांना घरी जाऊन बोलावून आणा. दोनशे अनोळखी लोक तपासण्यापेक्षा अशी वीस माणसं तपासलेली मला जास्त मोलाची वाटतात.

दुसरा प्रश्न: डोळ्यात कोणते थेंब घालता, बाटली दाखवा. उन्हाळ्यात डोळ्यांना खाज सुटणारी मुलं प्रत्येक गावात असतात. कधीतरी कुणीतरी स्टेरॉइडचे थेंब लिहून दिलेले असतात, दोन दिवसांत खाज थांबते, डोळे पांढरे होतात. मग तीच रिकामी बाटली मेडिकलमध्ये दाखवून वर्षानुवर्षं नवी आणली जाते. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन ही नावं बाटलीवर बारीक अक्षरात असतात आणि डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ती विकायला कायद्याने मनाई आहे. या थेंबांनी सगळ्यांचं प्रेशर वाढत नाही. ज्यांचं वाढतं त्यांना काही आठवड्यांत वाढतं, कळत मात्र काहीच नाही, कारण डोळा तर छान दिसत असतो. पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा, दोन्ही नसा पांढऱ्या पडलेल्या, आणि आई सांगते, ‘थेंबांनी बरं वाटायचं हो त्याला.’ म्हाताऱ्यांचा आजार म्हणून काचबिंदूकडे पाहणाऱ्यांनी एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. चाळिशीची अट या मुलांना लावू नका. बाटली स्टेरॉइडची निघाली तर वय न पाहता त्याला डॉक्टरसमोर बसवा, आणि मनाने थेंब बंदही करायला सांगू नका; ते कसे कमी करायचे हे डॉक्टर ठरवेल.

तिसरा प्रश्न बायकांसाठी मुद्दाम. संध्याकाळी, अंधार पडल्यावर कपाळ दुखतं का, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात का? डोळ्यातलं पाणी निचरा होण्याचा कोन अरुंद असलेला काचबिंदू आशियाई लोकांत जास्त आढळतो, त्यातही पन्नाशीपुढच्या, प्लस नंबरच्या स्त्रियांत. त्यांची डोकेदुखी पित्तावर किंवा पाळी जाण्यावर ढकलली जाते. कानशिलाकडून आडवा टॉर्च मारला आणि बुबुळाचा नाकाकडचा अर्धा भाग सावलीत राहिला, तर कोन अरुंद असल्याची शंका घ्यायची. खात्री होते ती डोळ्यावर खास भिंग ठेवून केलेल्या गोनिओस्कोपीने, आणि ती मांडवात होणार नाही. वेळेवर कळलं तर लेझरने बुबुळाला बारीकसं छिद्र पाडून प्रेशर एकदम चढण्याचा झटका टाळता येतो.

आता ती चिठ्ठी. छपाई तुम्हीच करता, म्हणून मजकूर सुचवतो. ‘चष्म्याचा नंबर तपासला. डोळ्याची नस पाहिली / पाहिली नाही.’ यापैकी एकावर काट मारायची. पाहिली नसेल तर खाली: ‘ही डोळ्यांची पूर्ण तपासणी नाही. चाळिशीपुढे काचबिंदूसाठी नस तपासून घ्यावी.’ आणि जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात नेत्रचिकित्सा अधिकारी कोणत्या वारी बसतो ते. ‘नॉर्मल’ हा शब्द गाळायचा. कॅमेरा नाही, डॉक्टर मिळत नाही, बजेट नाही, यातलं काहीही खरं असलं तरी चिठ्ठीवरचा एक शब्द गाळायला पैसे पडत नाहीत.

ज्यांच्या नसा संशयास्पद निघतील त्यांना पुढे नेणं ही जबाबदारीही तुमचीच राहील. मोतीबिंदूला जीप काढता तशी यालाही काढा. इथे एक फरक आधीच सांगून ठेवा, नाहीतर लोक तुमच्यावरच चिडतील. मोतीबिंदूनंतर दिसायला लागतं. काचबिंदूच्या उपचारानंतर काहीच बदललेलं जाणवत नाही. थेंब रोज, बहुधा जन्मभर. कधी लेझर, कधी ऑपरेशन. सगळं कशासाठी, तर उरलेलं टिकावं म्हणून. ते टिकतं का? स्वीडनमधल्या माल्मो आणि हेलसिंगबोर्ग इथे नुकताच काचबिंदू सापडलेल्या २५५ रुग्णांवर जो अभ्यास झाला, त्यात प्रेशर एकेका मिलिमीटरने खाली आलं की आजार वाढण्याचा धोका सुमारे १० टक्क्यांनी घटताना दिसला. म्हणून लवकर सापडणाऱ्याचा फायदा मोठा, त्याच्याकडे टिकवायला भरपूर असतं.

या पत्राची प्रत राज्याच्या आरोग्य विभागालाही पाठवतो आहे, एका विनंतीसह. तिशीपुढच्या प्रत्येकाचा सीबॅक फॉर्म, म्हणजे आजारांचा धोका ओळखायचा सरकारी प्रश्नांचा कागद, आशाताई घरी जाऊन भरतात. त्यात घरात कुणाला रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार आहे का हे विचारलं जातं. डोळ्यांबद्दल विचारतात ते धूसर दिसतं का, वाचायला त्रास होतो का, आठवड्याहून जास्त दुखतं किंवा लाल राहतं का. सगळे प्रश्न त्रासाचे, आणि काचबिंदू त्रासच देत नाही. घराण्याच्या त्याच ओळीत काचबिंदू हा एक शब्द वाढवावा. आशाताईंवर आधीच कामाचा डोंगर आहे, याची मला कल्पना आहे; म्हणून नवा फॉर्म मागत नाही, आहे त्याच ओळीत एक शब्द मागतोय.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक निवृत्त नेत्रचिकित्सा अधिकारी

ता. क. बाहुली मोठी करायचे थेंब घालणार असाल तर आधी डॉक्टरकडून कोन पाहून घ्या, आणि आदल्या दिवशी लाउडस्पीकरवरून सांगा की मोटारसायकल चालवत येऊ नका, बरोबर कुणीतरी आणा. थेंबांनंतर चार-सहा तास उजेड सहन होत नाही आणि जवळचं दिसत नाही. मांडवाची सावलीतली बाजू या लोकांसाठी राखून ठेवा. चष्मेवाटपाचा फोटो त्यांच्या थेंबांआधी उरकून घेतलात तर उत्तम, नाहीतर सगळे डोळे मिटलेलेच येतात.